गोठलेल्या तळ्यावरची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि सध्या मिशिगनच्या उत्तरेला, एका गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभी आहे. माझं इंजिन काढलं, तेल निथळून घेतलं, बुडाल्यावर वर ओढायला पोटाला लांब साखळी बांधली. वसंतात बर्फ विरघळला की मी बुडेन. कोणत्या दिवशी, यावर गावाने पैजा लावल्या आहेत. ज्यांना मी कधी रस्त्यात अडकवलं नाही, तेच आज माझ्या बुडण्याकडे डोळे लावून बसले आहेत. असो. माणसांचा हिशेब असाच असतो.

माझी फक्त पुढची चाकं ओढायची. मागची नुसती मागून यायची, वरातीतल्या पाहुण्यांसारखी. पण इंजिनाचं ओझं पुढच्याच चाकांवर असल्याने त्यांची पकड पक्की. माझी मालकीण इर्या टेकडीवर एकटी राहायची. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होण्याआधी ती मला न चुकता हिवाळी टायर चढवी; मऊ रबराचे, खोल खाचांचे. टेकडीखाली राहणारा वेइक्को म्हणे, "इर्या, ही गाडी नाही, बकरी आहे बकरी! चढ दिसला की डोकं खाली घालून निघाली!"

मग एका शरदात तिचा मुलगा डेल आला.

"आई, एक तर चारही चाकं ओढणारी गाडी घे, नाहीतर घर विकून गावातल्या वृद्धाश्रमात चल. मला हिवाळाभर घोर नको."

घर म्हणजे इर्याचा जीव. तिने गाडी घेतली.

"आणि हिवाळी टायर?" तिने विचारलं. "हिचे तर तिला बसायचे नाहीत."

"अगं, चारही चाकं ओढतात! तिचे बारमाही टायर आहेत की. उगाच खर्च."

मला सौनाच्या, म्हणजे वाफेने अंग शेकायच्या न्हाणीमागे लोटलं. पहिला बर्फ माझ्या काचांपर्यंत आला. खोटं कशाला बोलू, नवी गाडी चढावर माझ्याहून सरस होती. डेलने तिच्या पाठीवर थाप मारली. माझ्या पाठीवर मांजर बसलं.

पण मित्रांनो, चढलेल्याला उतरावंही लागतं. एका सकाळी इर्या वेइक्कोकडे कॉफीला निघाली. न्हाणीमागून मला उताराचा तळ दिसायचा. तिने वेळेत ब्रेक दाबला. मागचे लाल दिवे लागलेले मी पाहिले. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ओढण्याची ताकद थांबायच्या कामी येत नाही, तिथे थंडीतही मऊ राहणारे टायरच लागतात. गाडी सरळ वेइक्कोच्या लाकडांच्या ढिगात घुसली. इर्याचं मनगट मोडलं.

डेलने सगळं तपासलं. टायर सोडून.

"आई, वय झालंय तुझं. चाव्या दे."

"मी ब्रेक दाबला होता रे!"

"हो गं, हो."

त्या 'हो गं'मध्ये तिचं घर गेलं. मीही गेले; डेलने मला पैजेसाठी दान केलं आणि शाबासकी मिळवली.

काल तो तिला वृद्धाश्रमातून तळ्यावर घेऊन आला. पैजेची तिकिटं वेइक्को विकत होता.

"बोल इर्या, कोणती तारीख लिहू?"

"जून लिही."

सगळे खो खो हसले. डेल म्हणाला, "आई, जूनमध्ये इथे पोरं पोहतात!"

"मला बर्फाचं शिकवू नकोस. मी बर्फावर नाही, गाडीवर पैसे लावतेय." मग ती वाकून माझी चाकं पाहू लागली. "हिचे हिवाळी टायर कुठायत?"

"विकले," डेल म्हणाला.

"हिने मला दर वेळी थांबवलं रे," ती म्हणाली.

"चल, गारठशील."

मित्रांनो, गाडी घेताना किती चाकं ओढतात, हे सगळेच विचारतात. थांबवणार कोण, हेही विचारा. आणि म्हातारं माणूस 'मी ब्रेक दाबला होता' म्हणालं, तर त्याचं वय मोजण्याआधी खाली वाकून टायर बघा.

डेलने तिला हात धरून तिच्याच नव्या गाडीत बसवलं. आता ती तोच चालवतो. टायर तेच बारमाही आहेत. काठावरचा चढ गाडी झोकात चढली.

पलीकडे उतार आहे.