कागदाचा कोहळा

बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. जाळलेली कागदी वस्तू गेलेल्या माणसाला खरी होऊन पोचते, म्हणून सातव्या दिवशी त्यांच्यासाठी जाळायच्या वस्तू घ्यायला दोघी बहिणी साई यिंग पून भागातल्या चढावर फोंग मावशींच्या दुकानात आल्या. धाकट्या लोक-यीने आल्या आल्या कागदी वाटी उचलली. शार्कच्या परांचं सूप, वर पिवळ्या तंतूंचा गुंता, हुबेहूब.

पुई-शानने ती तिच्या हातून काढून फळीवर परत ठेवली.

"ताई, कागद आहे तो. कागदासाठी कोणी शार्क मारत नाही."

"मागणं तर तेच ना."

पुई-शान शाळेत जीवशास्त्र शिकवायची. पर कापून घेतात आणि जिवंत धूड समुद्रात लोटून देतात, पोहता न आल्याने ते तळाशी जाऊन मरतं, हे ती दरवर्षी मुलांना सांगायची. तिचं म्हणणं खरं होतं. पण आत्ता वाटी काढून घेतली त्याचा शार्कशी काही संबंध नव्हता, हेही तिला कळत होतं.

बाबा तीस वर्षं हॉटेलात सुपाच्या शेगडीपाशी उभे राहिले. सुके पर भिजवायचे, घासून वाळू काढायची, तंतू न तुटता शिजवायचे, हा त्यांचा हातखंडा. पुई-शानने आपल्या लग्नात हे सूप ठेवू दिलं नाही. जेवणाची यादी मॅनेजरशी फोनवर ठरवून टाकली. बाबा नवा कोट घालून मोकळे हात मांडीवर ठेवून बसले. सुपाचा वस्ताद मुलीच्या लग्नात पाणी पाजतो का, असं कुणा काकांनी विचारलं, तेव्हा नुसते हसले.

चार वर्षांनी लोक-यीचं लग्न झालं. बाबा तीन दिवस भटारखान्यात होते. वाढायच्या वेळी डागाळलेल्या सदऱ्यानिशी बाहेर आले आणि लोक-यीची वाटी त्यांनी स्वतः भरली. पुई-शानने आपली वाटी पालथी घातली होती. सूप तिला नकोच होतं. पण बाबांच्या सदऱ्यावरचे ते डाग ती आजतागायत विसरली नव्हती.

"तुझा राग सुपावर नाहीये," लोक-यी म्हणाली. "मला वाढलं त्याच्यावर आहे."

"हो."

लोक-यी भांडायच्या तयारीने आली होती. पण या 'हो'नंतर ती हळूच म्हणाली, "तुझ्या लग्नात ते कोहळ्याचं सूप करणार होते. अख्खा कोहळा कोरून त्यातच शिजवतात ना, तसं. सालीवर कोरायची नक्षीसुद्धा कागदावर काढून ठेवली होती. तू 'काय कराल' असं विचारशील म्हणून थांबले."

"तुला कधी सांगितलं?"

"माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. पर निवडत बसलो होतो दोघं."

म्हणजे तिच्या वाटणीचं सूपसुद्धा तिच्यापर्यंत यायचं ते धाकटीचं उष्टं होऊनच. काय मागू नये, हे ती इतकी वर्षं जगाला सांगत आली. बाबांकडे दुसरं काही मागावं, हे तिला सुचलंच नव्हतं.

तिने मावशींना कागदी कोहळा आहे का विचारलं.

"कोहळा कोण जाळतं, पोरी? जिवंतपणी जे परवडलं नाही ते लोक जाळतात." तरी त्या करून द्यायला तयार झाल्या. बांबूचा सांगाडा करायचा, वेळ लागेल. तिसऱ्या सातव्यापर्यंत, म्हणजे एकविसाव्या दिवसापर्यंत मिळेल.

लोक-यीची वाटी परवाच जाणार होती. पहिला मान याही वेळी तिचाच.

"वाटी तुझ्या एकटीच्या नावाने पाठव," पुई-शान म्हणाली. "माझं नाव नको त्यावर."

"आणि कोहळा दोघींच्या नावाने," लोक-यी म्हणाली. "मावशी, नक्षी मला ठाऊक आहे. काढून दाखवते."

"कोहळ्यावर नाव माझ्या एकटीचं," पुई-शान मावशींकडे बघून म्हणाली. "आणि साल कोरी ठेवा. कोरायचं ते बाबा कोरतील."