सांगणारी

अमीरबीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता विचारलं,

"आज कॅन्टीनमधी केक कुणाचा व्हता?"

उंबऱ्याशी चपला काढणाऱ्या नाझियाचा एक पाय तसाच राहिला. केक जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं कापला होता. कंपनीची गाडी तिला फाट्यावर सोडून आत्ता कुठं पुढं गेली होती, आणि वाटेत ती कुणाशीही बोलली नव्हती.

"हर्षदाचा," ती म्हणाली.

"बरं," म्हणत सासूनं भाकरी विस्तवाला लावली.

उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. रांजणगावच्या कंपनीत वायरी जोडायच्या कामाला जाते म्हटल्यावर नवरा, अक्रम, नुसता गप्प बसला होता. होकार दिला तो अमीरबीनं. "जाऊ दे तिला. मला सगळं कळत राहील," ती म्हणाली होती. नाझियाला ते बोलण्यापुरतं वाटलं. पण अमीरबी घराबाहेर फारशी पडायची नाही, फोन तिला लावता यायचा नाही, आणि तरी तिला कळायचं. गाडीत कोण कुठं बसलं, सुपरवायझर काय म्हणाला, नाझिया कधी हसली. ती रागावत नसे, कशाला नकोही म्हणत नसे. विचारायची आणि "बरं" म्हणायची. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

हळूहळू नाझिया कॅन्टीनमध्ये भिंतीकडं तोंड करून जेवू लागली. गाडीत हर्षदा रोज तिच्या शेजारी बसे. एकदा नाझियानं मुद्दाम तिला एकटीला खोटंच सांगितलं, की आपण नोकरी सोडणार आहोत. संध्याकाळी अमीरबीनं त्याचा विषयही काढला नाही. म्हणजे हर्षदा नव्हती. मग कोण? परतताना बायका माना टाकून झोपायच्या, आणि नाझियाला वाटायचं, यातली एक झोपलेली नाही.

दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या मळ्यातल्या रंगुबाई आल्या. त्यांचा झेंडू तोडणीला आला होता, लुगड्याला पाकळ्या चिकटल्या होत्या. अमीरबीनं चहा टाकला.

"आमची सून, राजनंदिनी, सोमवारपासनं तुझ्या गाडीला येतीया," रंगुबाई नाझियाला म्हणाल्या. "आमच्यात न्हाईच म्हणत व्हते. मी म्हणलं, नाझिया हाय की संगं. तू फकस्त संध्याकाळी मला सांगत जा. कुणाशी बोलली, कुठं बसली. एवढंच."

"मी कशाला, मावशी?"

"कुणीतरी सांगावं लागतंच की. तुमच्या गाडीतल्या नकुशीचं हर्षदा सांगती, हर्षदाचं आणिक कोण. त्याबिगर सुनंला बाहेर कोण धाडतंय?"

"आन् माझं?"

रंगुबाईंनी अमीरबीकडं पाहिलं.

"चहा निवतोय," अमीरबी म्हणाली.

नाही म्हटलं तर राजनंदिनी घरातच राहणार, हे तिघींनाही ठाऊक होतं. नाझिया "व्हय" म्हणाली.

सोमवारी राजनंदिनी नवा ड्रेस घालून आली. गाडीत बसल्याबसल्या तिनं नाझियाचा हात घट्ट धरला. "भाभी, पैल्यांदाच मी एकटी कुठं निघालीया," ती म्हणाली. दुपारी तिला स्टोअरमधला एक मुलगा भेटला, शिरूरच्या कॉलेजात तिच्या वर्गात असलेला. दोघं पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून कुठल्याशा सरांची आठवण काढून हसले. एवढंच. नाझियाला बघायचं नव्हतं, तरी तिनं सगळं टिपलं: मुलाच्या हातातला ग्लास, राजनंदिनीची खांद्यावरून घसरलेली ओढणी. आपले डोळे दुसऱ्याच कुणाच्या तरी चाकरीला लागलेत असं तिला वाटलं.

संध्याकाळी रंगुबाई बांधावर वाट बघत उभ्या होत्या.

"काय न्हाई, मावशी. मान खाली घालून काम करती."

घरी अमीरबी भाकरीचं पीठ मळत होती.

"ते पोरगं कोण व्हतं?" तिनं विचारलं.

नाझियानं डबा मोरीत ठेवला.

"रंगुबाईला सांगितलं न्हाईस?"

"न्हाई."

"बरं केलंस." अमीरबीनं परात पुढं ओढली. "मी बी अक्रमला तुझं कवाच काय सांगितलं न्हाई. रोज इचारतो. मी म्हणती, काय न्हाई."

नाझिया तिच्याजवळ खाली बसली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूच्या इतकी जवळ कधी बसली नव्हती.

"अम्मा, तुम्हाला कोण सांगतं?"

"ते कळलं तर तू तिच्याशी बोलणं टाकशील. मंग तुमचं बिनसल्याचं तिच्या घरी समजंल. मंग तिला बी घरी बसवत्याल."

भाजीचा टेम्पो लावून अक्रम आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. दुसऱ्या घासाला म्हणाला,

"रंगुबाईची सून स्टोअरच्या पोरासंगं हसत व्हती म्हणं, टाकीपाशी."

अमीरबीचे हात पिठातच थांबले. नाझियानं तिच्याकडं पाहिलं, तर तीही नाझियाकडंच पाहत होती. सासूला घाबरलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली.

"तुला कुणी सांगितलं?" अमीरबीनं विचारलं.

"सगळ्यांना ठाऊक हाय," अक्रम म्हणाला आणि त्यानं पाणी मागितलं.

सकाळी नाझिया गाडीत चढल्यावर ड्रायव्हर जयसिंगनं राजनंदिनीसाठी हॉर्न दिला, थोडं थांबला, पुन्हा दिला, आणि गिअर टाकला. कुणी काही विचारलं नाही. रंगुबाईंच्या मळ्यापाशी झेंडूत वाकलेली राजनंदिनी दिसली. गाडीचा आवाज ऐकून ती सरळ झाली. तिची नजर एकेका खिडकीवरून सरकत आली आणि नाझियावर थांबली. नाझियानं काचेवर तळवा टेकला, मी न्हाई, म्हणत जोरजोरात मान हलवली. राजनंदिनी पुन्हा फुलांत वाकली.

शेजारी हर्षदा होती. ती जरा बाजूला सरकली, मांडीवरची पिशवी उचलली आणि दोघींच्या मध्ये ठेवली.