हीट पंपाची धर्मपरिषद

रोटोटुना या परदेशी उपनगरातल्या चर्चमध्ये दर बुधवारी म्हाताऱ्यांना फुकट चहा आणि सोबत थोडा ख्रिस्ती इतिहास मिळे. गोपीनाथराव चहासाठी जात. या बुधवारी ते इतिहास घेऊन परतले.

"शंतनू, सतराशे वर्षांपूर्वी बिशपांची परिषद भरली होती. देव पिता मोठा की त्याचा पुत्र ख्रिस्त, यावर कडाक्याचं भांडण झालं. शेवटी दोघं समान ठरले. तेव्हा घर तापवणारा हा हीट पंप तू अठरा अंशांवर ठेवतोस, तर मी चोवीसवर नेणार. गारठलोय मी."

मुलाने त्यांच्यापुढे स्वेटर धरला.

"बाबा, परिषद बोलावली कोणी?" सूनबाईंनी, म्हणजे स्वप्नाने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"सम्राटाने."

स्वप्ना बाहेर आली आणि तिने रिमोट उचलला. "एकवीस."

पितापुत्रांनी निमूट माना डोलावल्या. बिशपांनीही सह्या अशाच केल्या असणार.