घडीखालचं तांबं

बुडुक.

दुपारच्या सामसुमीत फरशीखाली बुडबुडा फुटला आणि माझी लेक ऊर्वी झोपेत हसली. आमच्या घराखाली वितळलेला खडक आहे. घर बघायला आलो तेव्हाच मालकांनी सांगितलं होतं. थंडीत बरं पडतं, म्हणाले.

त्या शिलारसात वायू विरघळलेले असतात, सोड्याच्या बाटलीत असतात तसे. रस वर सरकला, दाब हलका झाला, की ते फसफसून सुटतात आणि येताना खालचं तांबं सोबत आणतात. हे मला माझ्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, वरणभात कालवता कालवता समजावलं. वाफ भेगेतून निघते आणि गारवा मिळेल तिथे तांबं टाकून पुढे जाते, म्हणाला.

मी एवढंच विचारलं, की ऊर्वीची गादी भेगेवर कुणी सरकवली? वन्सं, श्रीरंगच्या थोरल्या बहीण, म्हणाल्या की गादी पहिल्यापासून तिथेच आहे. मी ती रोज खिडकीशी ओढते. भाजी परतून येते तोवर ती भेगेवर असते.

भेगेवर तिला ताप चढतो. मग मी माझी आई करायची तेच करते. मिठाच्या पाण्याच्या घड्या, कपाळावर, पोटऱ्यांवर. तिची कुरकुर थांबते, तेवढ्यात मी हे लिहून घेते. वन्सं घडी सुकू देत नाहीत. मी उठायच्या आत ताजं पाणी आणून ठेवतात, आणि मीठ कधीच विसरत नाहीत. एवढी माया त्यांना आधी नव्हती.

आज घडी उचलली, तर खाली कपाळ लालसर चमकत होतं. हलकेच टिचकी मारली. कळशीसारखं वाजलं. दारात श्रीरंग आणि वन्सं बोलता बोलता थांबले.

"घडी काढू नकोस," श्रीरंग म्हणाला. "गार असेल तरच बसतं ते."

"पोरीच्या कपाळात?"

"अगं मृदुला," वन्सं म्हणाल्या, "या घरात दुसरं गार आहे काय?"

मी तिला उचलायला वाकले. ती हलली नाही. गादीखालची फरशी तेवढी खचली. घडी काढली की ती भाजते, ठेवली की जड होते. मी ओला हात तिच्या केसांवर अधांतरी धरून बसले. अंगणात कुणीतरी पहारी आणि घमेली उतरवून ठेवत होतं, मूल झोपलंय म्हणून अगदी जपून.

ऊर्वीनं डोळे उघडले.

"आई, त्यांनी सगळं काढून नेल्यावर मी कुठे असेन गं?"