फौजदाराचा विमा

माणिकप्पा आमच्या मालकांचा सख्खा भाचा, चाकूरातच विम्याचं काम करतो. दरवर्षी येतो, म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकतो, फोटो काढतो, चहा पितो अन् जातो. ह्या वर्षी चहा संपला तरी गडी उठंना. म्हणला, "मामी, आता मांजराचा बी विमा निघतो."

"काय सांगतो! मांजराच्या कानात बिल्ला ठोकतो का काय रे मुडद्या?"

"न्हाई मामी, नुसता फोटो लागतो. दवाखान्याचा खर्च कंपनी देती. अन् मेलं, तर त्याचे बी पैसे मिळतात."

दवाखाना म्हणल्यावर माझे कान टवकारले. आमचा बोका, फौजदार, कालपासून सोयाबीनच्या पोत्यामागं बसून होता. हे नाव मीच ठेवलं. सगळ्या गल्लीवर त्याचा दरारा. पण कालपासून त्याला लघवीच होत नव्हती. कोपऱ्यात जायचा, कुंथायचा, ओरडायचा अन् परत येऊन पडायचा. पोटाला हात लावला की माझ्या अंगावर यायचा, जो कधी नख बी लावत नव्हता. रात्रभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"कर मग विमा," म्हणलं. "आत्ताच कर. मला ह्याला लातूरला न्यायचंय."

माणिकप्पानं फोन खिशात घातला. "आजारी हाय का? मग डॉक्टरचं नाव काढू नका मामी. पहिला महिनाभर आजाराचे पैसे मिळत न्हाईत. अन् आज दाखवलं, तर हे दुखणं विम्याच्या आधीचं ठरतं. मग ह्या दुखण्याला कंपनी कधीच काही देणार न्हाई. त्यापेक्षा उजेडात बसवून चांगला फोटो काढू. महिनाभर गप राहा. मग खुशाल दाखवा."

"बरोबर हाय की," मालक म्हणले. "मांजराची जात, लई चिवट असती. विमा तरी पदरात पडंल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हेच, अगदी हेच, चंद्रीच्या वेळी झालं होतं. चंद्री माझी गाय. माझ्या बापानं दिलेली कालवड, मी वाढवली. गेल्या वर्षी तिचं पोट फुगलं. डॉक्टर बोलवा, डॉक्टर बोलवा म्हणून माझा घसा बसला. मालक म्हणले, विमा हाय की, कशाला घाबरती? जसं काही विमाच येऊन तिच्या पोटातला वारा काढणार होता! डॉक्टर आला तवर चंद्रीनं मान टाकली होती. मग बिल्ल्यासकट तिचा कान कापला अन् कंपनीला दाखवायला माणिकप्पाच्या हातात दिला. पैसे आले. जो तो म्हणायचा, बरं झालं बाई, विमा होता. काय बरं झालं? माझी गाय गेली, अन् रडायची बी चोरी झाली.

"माणिकप्पा," म्हणलं, "तू एक काम कर. आज सांजपर्यंत लघवीला जाऊ नको. मग मला सांग महिनाभर गप राहायला."

त्याचं तोंड एवढंसं झालं. मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "अगं, लोक हसतील. बोका एस्टीत घालून दवाखान्यात नेला म्हणतील."

"हसू द्या. चंद्रीला रडायला कुणी आलं नव्हतं."

मी दुरडी घेतली, तळाला जुनं लुगडं घातलं. फौजदाराला उचलताना त्यानं मनगट ओरबाडलं, तरी सोडला न्हाई. वरून दुसरी दुरडी पालथी घालून सुतळीनं बांधली. दुधाचे पैसे माझ्याकडंच असतात, ते कमरेला खोचले. मालक दारात उभे होते. "गेलीस तर विमा गेला समज."

"गेला तर जाऊ द्या," म्हणलं. "सरका बाजूला."

एस्टीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कोंबडी का?" म्हणलं, "फौजदार हाय. तिकीट लागत असंल तर फाड." सगळी गाडी हसली. मी बी मान वर करूनच बसले.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीण पोरसवदा होती, पण हात पक्का. पोट चाचपलं अन् म्हणाली, "मूत्राशय दगडासारखं झालंय. आजची रात्र निघाली नसती, आजी." तिनं भुलीचं इंजेक्शन दिलं, बारीक नळी घातली. ट्रेमध्ये लालसर लघवी यायला लागली, तशी मी तिथंच स्टुलावर बसून रडले. न लाजता रडले.

ती कागद लिहायला बसली तेवढ्यात मालकांचा फोन. "अगं, माणिकप्पा म्हणतोय, डॉक्टरला कागद करू नका म्हण. आपण पुढच्या महिन्यात नव्यानं दाखवू. विमा अजून बी बसतोय."

डॉक्टरीण पेन हातात धरून माझ्याकडं बघत होती. मी फोन कानालाच ठेवला अन् तिला म्हणलं, "लिही बाई. आजची तारीख घाल. दुखणं काय हाय ते बी सगळं लिही, काही मागं ठेवू नको."

मालकांनी ऐकलं. "अगं येडे," ते ओरडले, "आता तो मेला तर एक रुपया मिळणार न्हाई!"

"म्हणून तर," म्हणलं. "आता त्याला जगवावंच लागंल, तुम्हाला बी. अन् सांजच्या गाडीला स्टँडवर या, दुरडी जड हाय."