राणीची ताई कोण?

मित्रांनो, टीव्हीवर कोणी गप्पा मारायला बसलं की त्याच्या छातीवर एक काळा ठिपका दिसतो. तो मी. मी एक जुना कॉलर-माइक आहे. वाटाण्याएवढं डोकं, हातभर तार आणि तारेच्या टोकाला कमरेला लावायचं छोटं यंत्र, एवढाच माझा संसार. माझ्या तारेला मध्येच काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसेल. तिथे ती वितळली होती. कशी वितळली, तेच सांगायला बसलो आहे. गोष्ट गोड नाही. ज्यांना गोड हवी त्यांनी आत्ताच उठून जावं, मला राग येणार नाही. येईल खरं तर, पण मी दाखवणार नाही.

एका कारखान्यात, भिंगाच्या दिव्याखाली, निळी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या. मला तोंडाजवळ धरून ती "एक, दोन, एक, दोन" म्हणाली. जगात आल्यावर मी ऐकलेले पहिले शब्द ते. पुढे आयुष्यभर लोक मला तेच ऐकवत आले. मला कोणी कधी "कसा आहेस?" असं विचारलेलं नाही.

मला विकत घेतलं कानसेनाने. हा माणूस आवाज रेकॉर्ड करायचा. त्याचे कान इतके तिखट की पलीकडच्या खोलीत कुणाचं पोट गुरगुरलं तरी तो "थांबा" म्हणायचा, म्हणून युनिटने त्याचं नाव कानसेन ठेवलं. बोलायचा कमी, खायचा फार. मला मात्र जिवापाड जपायचा. काम संपलं की मऊ फडक्याने पुसून डबीत ठेवायचा. आधी मी बातम्यांत होतो, मग एका स्वयंपाकाच्या कार्यक्रमात होतो. तिथे फोडणीच्या ठसक्याने आलेली शिंक अजून माझ्या जाळीत आहे, असं कानसेन म्हणायचा. ते दिवस बरे होते.

मग आली ती मालिका. तिच्यात एक राणी होती, धुक्यातलं राज्य होतं आणि आकाशातून आग ओकणारे पंखवाले साप होते. घराघरात लोक त्या मालिकेसाठी जेवण लवकर उरकत. राणीचं काम करणाऱ्या नटीला सगळे राणीबाईच म्हणत. पण घोड्यावरून पडणं, तटावरून उडी टाकणं, आगीतून धावणं ही कामं काही राणीबाईंची नव्हती. ती करायची भिंगरी. पाठमोरी उभी राहिली की हुबेहूब राणी दिसणारी मुलगी. एका जागी दोन क्षण टिकेल तर शपथ!

भिंगरीला तिच्या थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. आईवडील दोघींच्या लहानपणीच गेले. ही थोरली त्याच युनिटच्या कपडेपटात होती. मनगटाला टाचण्यांची छोटी गादी बांधून दिवसभर हिंडायची, म्हणून तिला सगळे टाकेवाली म्हणत. तिला ताई म्हणणारी जगात एकटी भिंगरीच. आणि ती कधी नुसती हाक मारायची नाही. "ताई, पाणी दे." "ताई, वेणी घाल." "ताई, पाठ खाजव ना, या चिलखतात माझा हात पोचत नाही."

"अगं, लग्न झाल्यावर नवऱ्याला काय सांगशील? थांब, ताईला बोलावते?" टाकेवाली करवादायची. करवादत करवादत पाठ खाजवायची. धाप आणि आरोळ्या टिपायला भिंगरीच्या गळ्यापाशी टाचलेला मी हे सगळं रोज ऐकत होतो. मला त्या दोघी फार आवडायच्या.

एक दिवस राणीच्या मरणाचा प्रसंग होता. राणी आगीच्या भिंतीतून धावते, साप झेपावतो, राणी किंचाळून कोसळते. साप नंतर संगणकावर काढणार होते, पण आग खरी होती. आगीच्या कामात चिलखताची पाठीवरची नाडी सुरगाठीने बांधायची, हा कपडेपटाचा नियम. एक टोक ओढलं की सगळं चिलखत गळून पडतं. टाकेवालीने तशीच बांधली. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"मागून लोंबतंय हे. राणी आहे की पोतं? आवळून बांधा."

"साहेब, आगीचं काम आहे. सुरगाठच लागते."

"एकच शॉट आहे हो बाई. वेळ नका घालवू."

टाकेवाली घुटमळली. भिंगरीच मान वळवून म्हणाली, "बांध गं ताई. कशाला वाद घालतेस? गेले आणि आले." मग टाकेवालीने निरगाठ मारली. माझी जाळी नीट केली, बहिणीच्या गालावर एक टपली मारली आणि ज्वाळा फुलवायला लावलेल्या मोठ्या पंख्यांच्या मागे, लांब जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, काही बिघडलं तर भिंगरीने दोन्ही हात वर करायचे, असं ठरलं होतं. ओरडून उपयोग नव्हता, कारण ओरडणं प्रसंगातच होतं. ती धावली. पंख्याच्या वाऱ्याने ज्वाळा उलटी फिरली आणि चिलखताखालचा झगा पाठीवर पेटला. तिने हात वर केले नाहीत. कसे करणार? दोन्ही हात पाठीमागे त्या गाठीशी झटत होते.

"ताई!" ती ओरडली. "ताई गं, गाठ सोड! गाठ सोड ना!"

पंखे घोंघावत होते. टाकेवालीला काही ऐकू गेलं नाही. ते ऐकलं फक्त हेडफोन लावलेल्या दोघांनी. दिग्दर्शकाने मूठ आवळली आणि म्हणाला, "वा! क्या बात है!" कानसेनाने मात्र शब्द ओळखले. हेडफोन फेकून तो धावत सुटला. उशीर झाला होता. माझी तार वितळली ती तेव्हा.

भिंगरी काही दिवस दवाखान्यात होती. बोलली नाही. मग गेली.

चौकशी झाली. दोष वाऱ्याचा निघाला. वाऱ्याला कोण काय शिक्षा करणार! टाकेवाली भिंतीला टेकून बसलेली असायची आणि येईल त्याला एकच विचारायची, "तिला कळलं असेल का हो?" सगळ्यांनी ठरवल्यासारखं एकच उत्तर दिलं. पहिल्याच झळीला शुद्ध गेली, तिला काही कळलंच नाही. तिने कानसेनाला विचारलं, तेव्हा त्यानेही खाली बघत मान हलवली. टाकेवाली त्या एका वाक्याच्या आधारावर उठली, जेवली, कामावर आली. ती कुणापाशी बोलली नाही, पण मला माहीत आहे. गाठ तिने बांधली होती. भिंगरीला काही कळलं नसेल, तरच तिला जगता येणार होतं.

इकडे राणीबाईंनी डबिंगच्या खोलीत किंकाळ्या मारून मारून घसा बसवून घेतला. दिग्दर्शकाला एकही पसंत पडेना. शेवटी तो म्हणाला, "मूळचीच ठेवा. 'ताई'पर्यंत ठेवा, पुढचं कापा." संकलकाने कापलं. त्यांना त्या मुलीचा आवाज हवा होता, ती काय सांगत होती ते नको होतं. मला तेव्हा इतकी चीड आली! पण चिडून मी काय करणार? मला ऐकता येतं, बोलता येत नाही.

आता त्या दुसऱ्या कार्यक्रमाचं सांगतो. मालिकेचा भाग संपला की लगेच त्यावर गप्पांचा कार्यक्रम लागायचा. त्याचं नाव 'भाग संपल्यावर'. मालिकेत काम करणाऱ्यांची नावं पडद्याच्या कोपऱ्यात चिरडून भरभर पळवायची आणि त्यांच्या शेजारीच हा सुरू करायचा. भिंगरीच्या स्मृतीची एक ओळ होती, तीही त्या कोपऱ्यातूनच पळाली. थर्मोकोलच्या दगडी भिंती, दोन सोफे, कापूस भरलेला एक पंखवाला साप आणि समोर बाकांवर शेदीडशे चाहते, असा थाट. चिकटपट्टी लावून मला तिथे कामाला जुंपलं. टाकेवालीलाही तिथेच पाठवलं होतं, पाहुण्यांचे कपडे नीट करायला. आगीपासून लांब, आरामाचं काम, असं निर्मात्याने मोठ्या मायेने सांगितलं.

राणीच्या मरणाचा भाग रात्री लागणार होता, त्यावरच्या गप्पांचं चित्रण दुपारी होतं, आणि चाहत्यांना तो भाग सकाळीच दाखवून ठेवला होता. टाकेवालीने तो भाग पाहिलेला नव्हता. ती मालिका बघायचीच नाही. राणीबाईंच्या छातीशी, ओढणीवर मला टाचून ती एरवी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायची. त्या दिवशी राणीबाईंच्या ओढणीची टाचणी सारखी निसटत होती, म्हणून तिला कॅमेऱ्यांच्या मागेच थांबायला सांगितलं. कानसेन काचेपलीकडच्या खोलीत होता. ती आत थांबली आहे, हे त्याला दिसलं नाही.

सूत्रसंचालक हात चोळत म्हणाला, "राणीबाई, ती किंकाळी! अंगावर काटा आला हो! कुठून आणलीत?"

राणीबाईंनी एकदा निर्मात्याकडे पाहिलं. त्यांच्या छातीची धडधड माझ्यावर आदळत होती. "आतून आली," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

"आणि आता आपला लाडका प्रश्न! मरताना राणी कुणाला हाक मारते? ऐका पुन्हा."

मोठ्या पडद्यावर आग दिसली आणि भिंगरीचा आवाज त्या सगळ्या खोलीत भरला. "ताई!"

"पण राणीला बहीण कुठे आहे?" सोफ्यावरचा दुसरा पाहुणा पुढे सरसावला. मालिकेचा प्रत्येक भाग तोंडपाठ असलेल्या या चाहत्याला सगळे सर्वज्ञ म्हणत. "हाच तर धागा आहे! थोरली बहीण जन्मतःच लपवली गेली. ती जिवंत आहे. ती सापांची मालकीण आहे!"

"मग सांगा मंडळी," सूत्रसंचालक बाकांकडे वळला, "राणीची ताई कोण? हात वर करा! वनातली वैदीण? आंधळी दासी? की..."

"मी," कॅमेऱ्यांच्या मागून आवाज आला.

टाकेवाली दिव्यांच्या उजेडात चालत आली. मनगटावर टाचण्यांची गादी, तोंडात धरलेली एक टाचणी तिने काढून हातात घेतलेली. "ती ताई मी आहे. ती मला हाक मारतेय."

मित्रांनो, लोकांनी काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. सूत्रसंचालकाला वाटलं, निर्मात्याने गुपचूप काही गंमत आखली आहे. तो उठून ओरडला, "काय एंट्री आहे! या, या, सापांच्या मालकीणबाई!"

टाकेवालीला ते ऐकूच गेलं नाही. ती पडद्याकडे बघत होती. "तिला कळत होतं," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, कळलं नाही. तिला कळत होतं."

राणीबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी तिला मिठीत घेतलं. त्या दोघींच्या मध्ये मी चेपला गेलो. राणीबाई हुंदके देत होत्या. "माझा आवाज नाही तो, माझा नाही," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. मी ते शब्द जसेच्या तसे पोचवले. माझं काम मी चोख केलं. कुणीतरी "कट" म्हणालं. रात्री कार्यक्रम लागला तेव्हा त्यात टाकेवाली नव्हती, राणीबाईंचे ते शब्दही नव्हते. प्रश्न तेवढा होता. तो इतका गाजला की पुढच्या पर्वात राणीला खरोखरच थोरली बहीण मिळाली.

पण मला त्या दुपारचंच सांगायचं आहे. कोणी पाणी दिलं, कोणी खुर्ची दिली. टाकेवालीने दोन्ही बाजूला सारलं आणि ती सरळ कानसेनाच्या खोलीत गेली. त्याने मला राणीबाईंच्या ओढणीवरून काढून नुकतंच टेबलावर ठेवलं होतं.

"भाऊ, पुढे काय म्हणाली ती?"

"कुठे काय? एवढंच होतं."

"खोटं बोलू नका. नुसती ताई म्हणून थांबायची नाही ती. हाक मारली की काम सांगायचीच. मला काहीतरी सांगितलं असणार तिने. काय सांगितलं?"

कानसेन माझी तार गुंडाळू लागला. मूळ आवाज समोरच्या यंत्रात होता. एक कळ दाबली असती तर तिला सगळं ऐकता आलं असतं. आणि मग ती त्या दारातून बाहेर पडून कुठे गेली असती, हे मला सांगवत नाही.

"आई शप्पथ," तो म्हणाला. "तुझी आठवण आली तिला. हाक मारली. बस्स."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचं म्हणणं तिला पटलं नाही, पण तिने धरून ठेवलं. ती गेल्यावर कानसेनाने मूळ आवाज पुसून टाकला. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जपणारा माणूस तो, पुसताना लहान मुलासारखा रडला. मग त्याने मला डबीत न ठेवता खणात टाकलं आणि परत कधी कुणाच्या छातीवर टाचलं नाही. खणात धूळ फार आहे, पण बाहेरचं सगळं ऐकू येतं. कानसेनाचं बरोबर होतं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आवाज पोचवणं हेच माझं काम, आणि तो पोचला नाही याचं मला बरं वाटतं. असं बरं वाटण्याची लाजही वाटते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला पुसा, मला जपा, मला अडगळीत टाकू नका. मला त्यातलं काही नको. कोणी जिवाच्या आकांताने ओरडलं तर टाळ्या वाजवण्याआधी धावत जा, एवढं तर तुम्हाला न सांगताही कळायला हवं. माझं मागणं वेगळं आहे. टाकेवाली अजून कामावर येते. नवीन माणूस भेटला की त्याला विचारते, "माझी बहीण पुढे काय म्हणाली, तुम्हाला काही माहीत आहे का?" कधीतरी तुमचीही तिच्याशी भेट होईल. तुम्हाला आता माहीत आहे. तिला सांगू नका. नुसती हाक मारली, म्हणा.