पाव इंचाचं अंगण

"आली बघा फौजदारीण," जिन्यावर पावलं वाजली तशी लावॉन म्हणाली. "आपापली घरं सांभाळा गं बायांनो."

आर्डिथ हॉगन चर्चच्या तळघरात उतरली. खांद्यावर पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी साडेबारा इंची पारदर्शक मोजपट्टी. एखाद वेळी ती चष्मा घरी विसरून यायची, पण मोजपट्टी कधी नाही.

"बोल, बोल," ती कोट काढत म्हणाली. "तुझी बदकं कोंबड्या म्हणून खपवून घेतली, त्याचे हे पांग फेडतेस होय?"

"माप तर बरोबर होतं ना त्यांचं?"

"माप बरोबर होतं म्हणूनच खपली."

दर मंगळवारी सकाळी त्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या सहाजणी जमत. वर्षातून तीनदा त्यांची अदलाबदल असे. आधी एक विषय ठरायचा. मग प्रत्येकीने त्या विषयाचे सहा चौकोन शिवून आणायचे, एक स्वतःला ठेवायचा आणि पाच वाटायचे. असे चार-पाच विषयांचे चौकोन साठले, की ते जोडून गोधडी करायची. टोपल्या झाल्या, तारे झाले, कोंबड्याही होऊन गेल्या. या खेपेला घर होतं.

चौकोन साडेबारा इंचच हवा. कडेचं पाव-पाव इंच शिवणीत जातं आणि बारा उरतात. एक चौकोन जरी कमी भरला तरी अख्खी ओळ तिरकी होते आणि जोडणारीच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून आर्डिथने सहा वर्षांपूर्वी एका वहीत नियम लिहून काढला होता: तीनदा माप चुकलं की नाव कमी. सगळ्यांनी त्याखाली सह्या केल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्यातल्या फर्नने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या, त्यामुळे वाचलं कोणीच नव्हतं.

तेव्हापासून तपासणीचं काम आर्डिथकडे. ती सगळ्यांचे चौकोन मोजायची. तिचे कोण मोजणार? तसं विचारायची छाती कोणाची नव्हती, आणि तिला स्वतःला ते कधी सुचलं नाही.

आज मात्र तळघरात थोडा ताण होता, आणि तो केंड्रामुळे. केंड्रा सगळ्यांत लहान, तिशीतली. दवाखान्यात नर्स म्हणून वर्षभरापूर्वी या गावात आली होती. तिचे तारे कमी भरले होते, कोंबड्या कुठे कमी तर कुठे जास्त. दोन्ही वेळा आर्डिथने ते चौकोन तिच्या हातात परत ठेवले होते. आज तिसरी खेप.

"अगं, सोड की या वेळी," लावॉन तिच्या कानाशी लागली. "गावात दुसरं कोणी नाही तिला. आठवडाभर मंगळवारची वाट बघते म्हणाली."

"मग मंगळवारी नीट शिवून आणावं. नियम म्हणजे नियम."

"तू आणि तुझा नियम! स्वर्गाच्या दारातही मोजपट्टी घेऊन उभी राहशील."

"राहीन. आणि तुला बाहेर ठेवीन."

केंड्राने आपली सहा घरं टेबलावर मांडली. लाल भिंती, निळी छपरं, प्रत्येकाला एक धुरांडं. आर्डिथने चष्मा पुसला, मोजपट्टी ठेवली. साडेबारा. दुसऱ्यावर ठेवली. साडेबारा. आडवी ठेवली, उभी ठेवली, चौकोन उलटा करून बघितला. सहाच्या सहा घरं काटेकोर मापात होती.

"कसं जमवलंस?" तिने विचारलं. खरं सांगायचं तर ती जराशी हिरमुसली होती.

"लावॉनने शिकवलं," केंड्राचे गाल लाल झाले. "मी इस्त्री घासत होते, त्याने कापड ताणलं जायचं. इस्त्री नुसती ठेवायची आणि उचलायची. त्यासाठी चार रविवार तिच्या घरी बसले."

"आणि माझा केक खाल्ला," लावॉन म्हणाली.

सगळ्या हसल्या. केंड्राला तर आनंद कुठे ठेवू असं झालं होतं. त्या भरात तिने मोजपट्टी उचलली आणि म्हणाली, "मिसेस हॉगन, आता तुमची मी मोजू?"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या ओल्सन बहिणी दोघीही एकाच वेळी खोकल्या. फर्नच्या हातातली वडी बशीत पडली.

"केंड्रा," लावॉन घाईने म्हणाली, "कॉफी ओत ना बाळा सगळ्यांना."

"कॉफी कुठे पळून जातेय?" आर्डिथ म्हणाली. "मोज गं. कर नाही त्याला डर कशाला?"

केंड्राने मोजपट्टी ठेवली. मग ती उचलून परत ठेवली. "मिसेस हॉगन... सव्वाबारा भरतंय."

"कोपरा नीट धर."

"धरलाय."

आर्डिथने तिच्या हातून मोजपट्टी घेतली आणि स्वतः ठेवली. पहिलं घर सव्वाबारा. दुसरंही तेवढंच. सहाच्या सहा घरं पाव इंचाने ठेंगणी होती, आणि सगळी सारखीच. चुकीतसुद्धा तिचं काम एकसारखं होतं.

तिने वर पाहिलं. कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्या लिंबाच्या वड्यांकडे बघत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"टोपल्यांपासून," लावॉन म्हणाली.

टोपल्यांपासून म्हणजे तीन वर्षं. आर्डिथने मनात हिशोब केला आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने वही उघडली, पेन घेतलं आणि यादीतल्या पहिल्याच नावावर सरळ रेघ मारली. ते नाव तिचं स्वतःचं होतं.

"तीनदाचा नियम आहे," ती म्हणाली. "माझं नऊदा झालं."

कोट घालून ती जिना चढून गेली. तिची सहा घरं टेबलावर तशीच राहिली, आणि मोजपट्टीसुद्धा.

घरी आल्यावर तिने कपाटातून पत्र्याचा मोठा डबा काढला. आधीच्या आठ अदलाबदलींचे सगळे चौकोन त्यात होते, विषयाप्रमाणे दोऱ्याने बांधलेले. त्यांतला एकही जोडला गेला नव्हता. तिचा नवरा वेंडेल गेल्यापासून तिने गोधडी अशी पुरी केलीच नव्हती. दोघांच्या पलंगाच्या मापाची करायची की एकीच्या, हे ठरत नव्हतं, म्हणून चौकोन डब्यात पडत राहिले. जोडायला घेतले असते तर पहिल्याच ओळीत पितळ उघडं पडलं असतं.

तिने पलंगावर टोपल्या मांडल्या, खाली तारे लावले. प्रत्येक ओळीत एक चौकोन बाकीच्यांपेक्षा बुटका होता, आणि प्रत्येक वेळी तो तिचाच होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात तिची तीन वर्षं गेली होती.

मग ती शिवणयंत्रापाशी गेली. सुईच्या उजवीकडे, पत्र्यावर, पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. कापडाची कड तिला टेकवून शिवलं की शिवण बरोबर पाव इंचावर पडते. ती वेंडेलने लावलेली. आयुष्यभर त्याने कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग तपासले होते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने कामावरचं बारीक माप घ्यायचं व्हर्नियर घरी आणलं, जमिनीवर गुडघे टेकले आणि तासभर खटपट करून ती पट्टी चिकटवली. "आता चुकलीस तर दोष माझा," म्हणाला होता. वर्षा-दोन वर्षांनी पट्टी झिजली की तो नवी लावायचा, प्रत्येक वेळी व्हर्नियर घेऊन.

ही शेवटची होती. तो गेल्यावर तिचा डिंक सुटायला लागला. आर्डिथ ती अंगठ्याने दाबून परत बसवायची. त्यात पहिल्याच वेळी पट्टी दोराभर पलीकडे सरकली असणार. शिवण दोराभर रुंद झाली, आणि एका घरात सात-आठ शिवणी. पाव इंच असा गेला होता. तिला कळत नव्हतं असं कसं म्हणावं? पट्टी बदलायची म्हणजे ती आधी काढायला लागली असती.

ती खुर्चीवर बसली आणि रडली.

स्वयंपाकघराचं दार न ठोठावता उघडलं. असं दार उघडणारी गावात एकच बाई होती.

"रडून झालं असेल तर सांग," लावॉन म्हणाली. "नाहीतर मी गाडीत बसते."

"काय आणलंयस ते?"

लावॉनच्या बगलेत गोधडी होती. तिने ती पलंगावर, त्या चौकोनांवरच पसरली. टोपल्या, तारे, कोंबड्या सगळं होतं, आणि ओळी सुतासारख्या सरळ. आर्डिथ वाकली. सगळ्यांच्या चौकोनांमध्ये तिचेच तेवढे वेगळे होते. त्यांच्याभोवती चारी बाजूंनी बारीक हिरवी किनार होती. पाव इंचाची तूट त्या किनारीने भरून काढली होती.

"फर्नच्या गोधडीत किनार निळी आहे," लावॉन म्हणाली. "ओल्सन बहिणींनी पिवळी घातली. आपसांत भांडल्या रंगावरून."

"आणि मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही! मी त्या पोरीला दोनदा परत पाठवलं, लावॉन. दोनदा! तिचं नाव कापायला निघाले होते मी."

"ती चूक तुझी. ती मी माझ्या अंगावर घेणार नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

लावॉन पलंगाच्या कडेवर बसली. "टोपल्यांच्या वेळी वेंडेलला जाऊन चार महिने झाले होते. तू धड जेवत नव्हतीस. तशात सहा टोपल्या घेऊन आलीस. पाव इंच कमी आहे म्हणून कोण सांगणार होतं तुला?"

"आणि नंतर?"

"नंतर उशीर झाला म्हणून लाज वाटली. आणि खरं सांगू का? तू दोऱ्या-दोऱ्यावरून आम्हाला झापायचीस ना, तेव्हा मनातल्या मनात हसायला फार मजा यायची."

आर्डिथला हसू फुटलं. ते दाबायला तिने नाक शिंकरलं.

"तुझी घरं घेऊन आलेय मी," लावॉन म्हणाली. "माझ्या वाट्याच्या घराला हिरवंगार अंगण घालणार आहे. गेल्याच महिन्यात तीन वार हिरवं कापड घेतलं, तुझी अजून बरीच वर्षं धरून."

उठता उठता तिचं लक्ष शिवणयंत्राकडे गेलं. पिवळ्या पट्टीकडे तिने बघितलं, मग आर्डिथकडे.

"ही काढू नकोस," ती म्हणाली. "हिच्या अलीकडे दुसरी लाव. व्हर्नियर आहे का घरात?"

व्हर्नियर वेंडेलच्या खणात होतं. दोन म्हाताऱ्यांना ते वाचायला अर्धा तास लागला, आणि त्यात तीनदा भांडण झालं.

पुढच्या मंगळवारी आर्डिथ तळघरात गेली ती थेट केंड्रासमोर जाऊन उभी राहिली. "माझं चुकलं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते, त्यामुळे फर्नने तिला परत म्हणायला लावलं. तिने ते परत म्हटलं. केंड्राने नुसती वही पुढे सरकवली. खोडलेल्या नावाखाली नवं नाव लिहिलं होतं: आर्डिथ हॉगन. अक्षर केंड्राचं होतं.

"मग मोजपट्टी तू सांभाळ," आर्डिथ म्हणाली. "आणि माझे चौकोन सगळ्यांत आधी मोजायचे."

फेब्रुवारीत विषय होता किटल्या. बाहेर गुडघाभर बर्फ होतं, तरी सहाजणी आल्या. आर्डिथने स्वतःची किटली घरी ठेवली होती, कारण पलंगावरची गोधडी आता जोडायला घेतली होती. एकीच्याच मापाची, पण जरा ऐसपैस. उरलेल्या पाच किटल्या तिने केंड्रापुढे ठेवल्या आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"साडेबारा," केंड्रा म्हणाली. "साडेबारा. साडेबारा. ही पण साडेबारा!"

"संपलं," लावॉनने उसासा टाकला. "आता माझ्या गोधडीत हिचा चौकोन मी ओळखायचा कसा?"

केंड्राने पाचवी किटली मोजली, आणि तिचा चेहरा पडला. तिने कोपरा नीट धरून पुन्हा मोजली. "मिसेस हॉगन," ती अगदी हळू म्हणाली, "ही सव्वाबारा आहे."

"ठाऊक आहे मला," आर्डिथ म्हणाली. "जुन्या पट्टीवर शिवलीय. ती लावॉनला दे. तिच्याकडे तीन वार हिरवं कापड पडून आहे."

लावॉनने लिंबाची वडी तोंडात घातली, आणि तेवढीशी मऊ वडी ती बराच वेळ चावत बसली.